मदत हवी आहे: ट्रॅम फ्लॅपनंतर पोटाला फुगवटा, जाळी बसवावी का?

दीड वर्षापूर्वी माझं स्तन काढलं आणि त्याच वेळी पोटाचा भाग वापरून नवीन स्तन तयार केलं. ट्रॅम फ्लॅप, म्हणजे त्वचा आणि चरबीसोबत पोटाचा एका बाजूचा उभा स्नायूही वर घेतला. (डीप फ्लॅपमध्ये स्नायू जागेवर ठेवून फक्त रक्तवाहिन्या सोडवून घेतात, हे मला नंतर कळलं. असो.)

स्तन छान झालंय, तक्रार पोटाची आहे. बेंबीखाली उजवीकडे फुगवटा दिसतो. आडवी झाले की जातो, संध्याकाळपर्यंत पुन्हा येतो. अंथरुणातून उठताना कुशीवर वळून हाताचा रेटा द्यावा लागतो. सीटी स्कॅनमध्ये हर्निया नाही; भोक पडलेलं नाही, नुसतं स्नायूवरचं आवरण सैल पडलंय. सर्जन म्हणाले, बेंबीच्या खालच्या भागात स्नायूमागे मजबूत आवरण नसतंच, म्हणून तिथेच पोट ढिलं पडतं. उपाय म्हणजे आवरण घट्ट शिवून त्यावर आधारासाठी जाळी (सर्जिकल मेश) बसवणं. घाई नाही, पण व्यायामाने हे पूर्ण भरून येणार नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

हे ऑपरेशन कुणी करून घेतलंय का? जाळी टोचते का, ताठरपणा किती दिवस राहिला? वजन उचलायला कधी परवानगी मिळाली? आणि फुगवटा परत आला का? नुसता पट्टा बांधून निभावणाऱ्यांनीही सांगा, मला त्याचाच मोह जास्त होतोय.