अनुभव धागा: फळं पातेल्यात आणि ग्लासात

सफरचंद हिमाचल-काश्मीरचं, पण आता सोलापुरात गाड्यावर बारमाही मिळतं. डाळिंब तर घरचंच. सोलापूर डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही इथेच, केगावला आहे. तरी घरोघरी डाळिंबाचा रस कडू होतो, सफरचंदाची खीर फाटते, सरबतातला सोडा ओट्यावर उतू जातो. ज्यांचा हात बसलाय त्यांनी लिहा: माप काय, आधी काय घालायचं, बिघडतं ते कशामुळे. नुसतं ‘अंदाजाने’ नको. वाटी २०० मिलीची आणि चमचा ५ मिलीचा धरू.

दमाणीनगर

डाळिंबाच्या कडूपणाला दोन कारणं: दाण्यांमधला पिवळट पांढरा पापुद्रा आणि फुटलेली बी. पापुद्रा काढायला सोललेले दाणे पाण्यात टाका. दाणे तळाशी बसतात, पापुद्रा वर तरंगतो, तो गाळणीने उचलून घ्या. मग दाणे नीट निथळा, नाहीतर रस पाणचट लागतो.

बी वाचवायची तर मिक्सर सलग फिरवायचा नाही. २ सेकंद चालू, बंद, असं तीनदा, बस. भांड्यात बिया अख्ख्या दिसल्या पाहिजेत. रसावर करडा फेस आणि तळाशी पांढरी भुकटी दिसली तर बी फुटली असं समजा. तो रस साखर घालूनही सुधारत नाही, तुरटपणा जिभेवर राहतोच. गाळताना मलमलच्या कापडातून आपोआप गळू द्या, पिळण्याचा मोह आवरा. रस ३ तास फ्रीजमध्ये स्थिर ठेवून वरचा नितळ भाग ओतून घ्या. भगवा वाणाच्या १ किलो डाळिंबांतून साधारण ३५० ते ४०० मिली रस मिळतो.

टिकाऊ सिरप करायचं असेल तर १ लिटर रसाला १.२ किलो साखर आणि १२ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच तापवा, उकळी नको. उकळलं की तांबडा रंग विटकरी होतो आणि शिजल्यासारखा वास येतो. लोखंडी कढई किंवा पळी अजिबात नको. डाळिंबातल्या टॅनिनचा (तुरट द्रव्याचा) लोखंडाशी संबंध आला की रस काळसर पडतो. बाटलीत टिकावं म्हणून लिंबू स्क्वॉशसारखं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालू नका, त्याने रंग उडतो. लाल-जांभळ्या रसांना सोडियम बेंझोएट वापरतात. घरच्यापुरतं केलं तर दोन्ही नको, फ्रीजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा.

आणि भगव्याचे दाणे वाळवून अनारदाणा करायला जाऊ नका. गोड वाण आहे, आंबटपणा येतच नाही.

शेळगी

सफरचंदाचं सांगते. आधी फळ ओळखा. लाल डिलिशियस गोड, आंबटपणा कमी, शिजवलं की विरघळतं. म्हणून ते खीर, शिरा, जॅमला. हिरवं ग्रॅनी स्मिथ आंबट आणि फोडी धरून राहणारं, ते लोणच्याला आणि भाजीला. कोल्ड स्टोरेजमध्ये फार दिवस राहिलेलं सफरचंद दाबलं की भुसभुशीत लागतं. ते रसाला घेऊ नका, रस कमी आणि चोथा फार.

काळं पडणं: चिरलं की आतलं एन्झाइम हवेशी भेटतं, म्हणून फोडी तपकिरी होतात. १ लिटर पाण्यात १ सपाट चमचा मीठ किंवा १ लिंबाचा रस, त्यात ५ मिनिटं फोडी बुडवायच्या. रस काढायचा असेल तर लिंबू मिक्सरमध्येच, फळासोबत. नंतर घातलं तर झालेला रंग परत येत नाही.

खीर: १ लिटर दूध आटवून ६५० मिली करा आणि पूर्ण गार करा. २ सफरचंदं (साधारण ३०० ग्रॅम) सोलून, किसून, लगेच १ चमचा तुपावर परता. ३ चमचे साखर घाला. ७-८ मिनिटांत पाणी आटून कीस कढईच्या कडा सोडतो, तोपर्यंत थांबा. तोही गार करा. मगच दोन्ही एकत्र. सफरचंदात मॅलिक आम्ल असतं, गरम दुधात कच्चा कीस पडला की दूध नासणारच. घाई करणाऱ्यांची खीर इथेच जाते.

शिऱ्यालाही तेच: रवा पाण्यात फुलवा, दुधात नको. शिजवलेला कीस शेवटी घाला आणि एक वाफ काढा.

विजापूर रोड

सोडा का उतू जातो ते सांगतो. सोड्यात मीठ, साखर किंवा चाट मसाला टाकला की प्रत्येक कणावर गॅसचे बुडबुडे जमतात आणि सगळा वायू एकदम निसटतो. ग्लास सांडतो आणि पिताना पेय सपक. म्हणून आधी फळाच्या रसात मीठ-साखर पूर्ण विरघळवा, ते गार करा, बर्फ टाका आणि सोडा शेवटी, ग्लासाच्या कडेने. चमच्याने तळापासून एकदाच वर उचला, ढवळत बसू नका. सोडा फ्रीजमधला कडक गार हवा. कोमट सोडा उघडतानाच अर्धा रिकामा होतो.

प्रमाण, एका ग्लासाला: डाळिंब सिरप ३० मिली, सफरचंदाचा रस ६० मिली, लिंबू १० मिली, आल्याचा रस अर्धा चमचा, सैंधव चिमूटभर, सोडा १०० मिली. सफरचंदाचा रस थोडा तपकिरी झाला तरी डाळिंब रंग झाकतं.

एप्रिल-मेच्या उन्हात बर्फ भराभर वितळतो, तेव्हा पेय थोडं जहाल ठेवा किंवा रसाचेच खडे गोठवा. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर लिंबू ५ मिली वाढवा. त्या पाण्यातले क्षार आंबटपणा मारतात.

बार्शी

सीताफळ कधीही शिजवू नका. उष्णता लागली की गर कडवट होतो. १ लिटर दुधाची बासुंदी निम्मी आटवून, ३ मोठे चमचे साखर घालून, फ्रीजमध्ये गार झाल्यावर १ वाटी गर. बिया काढायला मिक्सर नको, बी फुटली तर कडू लागते आणि ती विषारीही आहे. जाड गाळणीवर चमच्याने गर घोळवा.

होटगी रोड

कच्चा अननस किंवा पपई दुधात फिरवून ठेवली की थोड्या वेळात कडू होते. त्यातली एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतात. अननसाच्या फोडी साखरेत ५ मिनिटं उकळून गार करून घ्या. पपईचा शेक करायचा तर ग्लासात ओतून लगेच प्या.

सात रस्ता

पेरूच्या सरबताला ग्लासाच्या कडेला तिखट लावायची पद्धत आलीय. त्यात आपलं काळं तिखट वापरू नका. त्यातले मसाले तेलात परतलेले असतात, गार पेयावर तवंग येतो. साधं लाल तिखट २ भाग, पादेलोण १ भाग. आणि पेरूच्या बिया मिक्सरमध्ये दळू नका, गर पाण्यासोबत हलकेच फिरवून गाळा.

शेळगी

एक राहिलं. सफरचंदाच्या साली आणि मधला गाभा फेकू नका. त्यात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारं द्रव्य, भरपूर असतं. बिया काढून, ते सगळं २ वाट्या पाण्यात २० मिनिटं उकळून गाळा. डाळिंबाच्या किंवा स्ट्रॉबेरीच्या जॅमला हे पाणी १ वाटी घातलं की जॅम पातळ राहत नाही. जॅम झाला का ते पाहायला गार बशीत थेंब टाका, मिनिटभराने बोटाने ढकला. वर सुरकुती पडली की गॅस बंद करा.