प्रतिसाद: २००५ च्या पुराच्या खुणेवर विसंबून राहू नका

वर कुणीतरी लिहिलंय की २०१९ च्या महापुरात इशारा वेळेत मिळाला असता तर लोकांनी सामान हलवलंच असतं, सगळा दोष प्रशासनाचा. अर्धं पटतं. पण २०१९ ला सांगलीत आमच्या मामांकडे सामान हलवलं होतं की! फक्त २००५ ची खूण धरून. भिंतीवर तेव्हाची पाण्याची रेघ होती, तिच्या वर हातभर अंतर ठेवून माळ्यावर सगळं रचलं, गहू-तांदूळ, गाद्या, फाइली, आणि मामा निवांत, "त्याच्या वर काय येतंय आता". सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ २००५ ला पाणी ५३-५४ फुटांपर्यंत गेलं होतं, २०१९ ला ५७ च्याही वर. तीन-चार फुटांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण माळाच गेला. म्हणजे तयारी होती, मापच चुकलं.

आणि खरे हाल पाणी ओसरल्यावर झाले, त्याबद्दल इथे कुणी बोलत नाहीये. प्यायला पाणी नाही, लाइट नाही, मोबाइल बंद, त्यात शिरोलीपाशी हायवे बंद म्हणून कोल्हापुरात पेट्रोलला रांगा. एटीएम बंद असल्यावर रोख पैसे लागतात हे तेव्हा डोक्यात शिरलं. आता मामी पावसाळ्याआधी झाकणाचे कॅन भरून ठेवते, कागदपत्रं पुण्याला माझ्याकडे, आणि नदी ४० फुटांच्या इशारा पातळीला आली की म्हाताऱ्यांना घेऊन विट्याला आत्याकडे, मग ४५ ची धोका पातळी येवो न येवो. मामा अजून कुरकुरतात, ते सोडा.