मदत हवी आहे: बाईक, स्कूटर, कार – इंजिन ऑइलच्या डब्यावरचं नेमकं काय वाचायचं?

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात मानेवाडा भागात राहते. घरी तीन गाड्या आहेत: बाबांची ११० सीसीची गियरची बाईक, माझी बिनगियरची स्कूटर आणि २०२१ची डिझेल कार. तिन्हींचं ऑइल बदलायचं एकदमच आलंय. गॅरेजमध्ये मोठ्या ड्रममधून ऑइल काढून टाकतात आणि बिलावर फक्त 'इंजिन ऑइल' एवढंच लिहितात. गाडीच्या पोटात काय गेलं ते कळायला मार्गच नाही. म्हणून या वेळी सीलबंद डबे स्वतः घेऊन जायचं ठरवलं.

सीताबर्डीच्या दुकानदारानं तिन्ही गाड्यांसाठी एकच मोठा डबा पुढे केला. "ताई, १५डब्ल्यू-४० आहे, पेट्रोल-डिझेल सगळ्यात चालते." आमचे नेहमीचे मेकॅनिक काका म्हणतात, नागपूरच्या उन्हात पातळ ऑइल टिकत नाही, बाईकला २०डब्ल्यू-४०च टाका. बाईकच्या पुस्तिकेत मात्र स्वच्छ १०डब्ल्यू-३० छापलंय. विचारावं तिथे नवा आकडा, आणि प्रत्येक जण खात्रीनं सांगतो.

गेले काही दिवस मिळेल ते वाचून काढलं. मला समजलं ते लिहिते, चुकत असेल तिथे सांगा.

डब्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत 'अल्ट्रा', 'पॉवर', 'प्रोटेक्ट' असलं काहीतरी असतं. त्याला कसलंच मोजमाप नाही. मोजमापाच्या गोष्टी मागे, बारीक अक्षरांत. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचा आकडा (१०डब्ल्यू-३० वगैरे) फक्त दाटपणा सांगतो. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंड इंजिन सुरू होतानाचा, नंतरचा १०० अंश सेल्सिअसला मोजलेला. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्स (दाटपणा मोजायचं एकक), ४० म्हणजे १२.५ ते १६.३. आकडा मोठा म्हणून ऑइल चांगलं असं काही नाही, ते नुसतं दाट.

दर्जा कळतो तो एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, हिच्या अक्षरांवरून. 'एस'ने सुरू होणारी पेट्रोलसाठी, 'सी'ने सुरू होणारी डिझेलसाठी. पेट्रोलच्या रांगेत पुढचं अक्षर जितकं पुढचं तितका निकष नवा: एसएल २००१चा, एसएन २०१०चा, एसपी २०२०चा. आणि इथेच मला धक्का बसला. दुकानात एका स्वस्त डब्यावर एसएफ लिहिलेलं होतं. एपीआयच्या स्वतःच्या तक्त्यात एसएफ हे १९८८ आणि त्याआधीच्या इंजिनांसाठीचं, कालबाह्य म्हणून नोंदलेलं आहे. डबा मात्र नवाकोरा, अलीकडच्या महिन्याचा छाप असलेला, त्याच फळीवर एसएनच्या शेजारी. मला खरंच राग आला. दोन्हींवर २०डब्ल्यू-४० तितक्याच ठसठशीत अक्षरांत आहे. बाबांसारखा माणूस तो आकडा बघणार, किंमत बघणार आणि एसएफचा डबा उचलणार. त्याला कोण सांगणार?

दुचाकीचं आणखी वेगळं. गियरच्या बाईकमध्ये इंजिन, गियरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात, म्हणून जासो या जपानी मानकातलं एमए किंवा एमए२ लागतं. स्कूटरला बेल्ट आणि कोरडा क्लच, तिच्या पुस्तिकेत एमबी लिहिलंय. दुकानदारानं दिलेल्या त्या मोठ्या डब्यावर जासोचा उल्लेखच नाही. त्यावर सीआय-४ आणि एसएल आहे. कारच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० आणि एसीईए (युरोपातल्या कार उत्पादकांची संघटना) सी३.

'सिंथेटिक'नं तर पार गोंधळ घातलाय. फुल सिंथेटिक, सेमी सिंथेटिक, सिंथेटिक टेक्नॉलॉजी, सिंथेटिक बेस्ड... यात सिंथेटिक किती टक्के, हे मी पाहिलेल्या एकाही डब्यावर नव्हतं. अमेरिकेत १९९९मध्ये जाहिरातींविषयीच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळापुढे मोबिलनं कॅस्ट्रॉलविरुद्ध हाच वाद नेला होता. खनिज तेलावर कडक प्रक्रिया करून बनवलेल्या ग्रुप ३ तेलाला सिंथेटिक म्हणावं का, हा मुद्दा होता, आणि निकाल 'म्हणता येईल' असा लागला. मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे मोजायचे?

तर माझे प्रश्न असे. उन्हाळ्यासाठी बाईकला पुस्तिकेपेक्षा दाट ऑइल खरंच लागतं का? एक डबा तिन्ही गाड्यांना चालेल का? आणि डुप्लिकेट डबा ओळखायचा कसा? इथल्या एलआयटीत (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत) पेट्रोलियम शिकलेलं किंवा या धंद्यातलं कुणी इथे असेल तर जरूर लिहा.

---

टप्पेट:

ताई, एक डबा तिघांना अजिबात नको. सर्वात मोठा धोका कारला आहे. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. त्यात साठलेली काजळी अधूनमधून जाळली जाते, पण ऑइलमधल्या धातूयुक्त रसायनांची राख जळत नाही, ती आतच साचत जाते. म्हणून सी३मध्ये सल्फेटेड राखेवर ०.८ टक्क्यांची मर्यादा आहे. सीआय-४ हा २००२चा निकष, असल्या फिल्टरच्या आधीचा. ट्रकवाल्यांचं ते ऑइल वाईट नाही, तुमच्या कारचं नाही एवढंच. फिल्टर बदलायचा खर्च विचारून पाहा, डब्यातली बचत विसराल.

बाईकला एमबी टाकू नका, क्लच घसरायला लागेल. उलट स्कूटरला एमए पडलं तर बिघाड होत नाही, फार तर मायलेज किंचित कमी.

संत्रानगरी:

तुमचे मेकॅनिक काका अगदीच चूक नाही सांगून राहिले, पण अर्धंच सांगून राहिले. कारला कूलंट आणि थर्मोस्टॅट आहे; बाहेर ३० अंश असो की ४६, तापलेलं इंजिन जवळपास त्याच तापमानावर चालतं. बाईक हवेवर थंड होते. मे महिन्यात भरदुपारी सिग्नलला उभी राहिली की तिचं ऑइल खरंच जास्त तापतं. म्हणून काही पुस्तिकांत बाहेरच्या तापमानानुसार ग्रेडचा तक्ता असतो. बाबांच्या पुस्तिकेत तो आहे का बघा. त्यात २०डब्ल्यू-४० दिलं असेल तर खुशाल टाका. नसेल, आणि गाडी ऑइल खात नसेल, तर १०डब्ल्यू-३०वरच राहा.

आणि '१०डब्ल्यू फक्त थंड प्रदेशासाठी' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. १०डब्ल्यूची क्रँकिंग चाचणी (थंडीत इंजिन फिरेल इतकं ऑइल पातळ राहतं का, ही) उणे २५ अंशांना आणि २०डब्ल्यूची उणे १५ला होते, तेवढी थंडी आपल्याकडे कधीच नसते हे खरं. पण रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केली की पातळ ऑइल वरपर्यंत लवकर पोचतं. इंजिनाची बरीच झीज त्याच वेळी होते.

ग्राहकपेठ:

डुप्लिकेटबद्दल. वेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांनुसार डब्यावर उत्पादक किंवा पॅकरचं नाव-पत्ता, निव्वळ माप, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क असायलाच हवा. यातलं काही खोडलेलं किंवा वर चिकटवलेलं दिसलं तर डबा परत ठेवा. झाकणाची कडी तुटलेली नको. बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा आणि शंका आली तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर तो विचारा. रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडू नका. भोक पाडून भंगारात द्या, नाहीतर तोच परत भरला जातो. एपीआयचा गोल शिक्का असेल तर त्यांच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव सापडतं. शिक्का नाही म्हणजे ऑइल खोटं असं नव्हे, तो परवाना ऐच्छिक आहे.

ड्रममधूनच टाकून घ्यायचं असेल तर बिलावर ब्रँड, ग्रेड आणि एपीआय लिहून मागा. वस्तूचा दर्जा आणि मानक कळणं हा २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातला हक्क आहे. लिहून देत नसतील तर १९१५ला फोन लावा.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांच्या पुस्तिकेत तक्ता आहे, पण त्यात १०डब्ल्यू-३० सोडून दुसरं काही नाही, तेव्हा बाईकला तेच, एमए बघून. स्कूटरला एमबीचा वेगळा डबा. गॅरेजला दोन्ही डब्यांची पाठ दाखवूनच ऑइल टाकायला सांगणार आहे.

टप्पेट, कारसाठी एक विचारायचं राहिलं. सी३चं ऑइल दुकानात साडेतीन लिटरच्या डब्यातच दिसलं आणि कारला त्याहून थोडं जास्त लागतं. वरचं एक लिटर दुसऱ्या कंपनीचं, पण ५डब्ल्यू-३० आणि सी३च असलेलं, त्यात मिसळलं तर चालेल का?