किमान हजार रुपये पेन्शन आणि संसदेतलं ठरलेलं उत्तर

गोदाकाठ:
ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफ कापला जाणाऱ्या कामगारांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये महिन्याला हजार रुपये झाली. त्यानंतरच्या दहा वर्षांत ती एका रुपयाने वाढली नाही. साखर कारखाना, सूतगिरणी, एसटी, कुठेही राबलेला माणूस असो. खासदार प्रश्न विचारतात, श्रम मंत्रालयाचं लेखी उत्तर येतं: पेन्शन फंडात तूट आहे, आणि किमान हजार देण्यासाठीही सरकारच बजेटमधून भर घालतं.

मग समित्या कशाला नेमल्या? राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्ये किमान तीन हजारांची शिफारस केली. अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, पुढे आपले राज्यपाल झाले ते. २०१८ मध्ये सरकारनेच नेमलेल्या समितीने दोन हजार सुचवले, तर अर्थ मंत्रालय राजी झालं नाही. हजारात महिन्याची औषधंसुद्धा येत नाहीत. मला याची चीड येते.

हिशेबी:
ताई, चीड समजते, पण तूट खोटी नाही. कामगाराचे १२ टक्के सगळे पीएफमध्ये जातात आणि निवृत्तीला हातात पडतात. पेन्शन फंडात येतात मालकाचे ८.३३ टक्के आणि सरकारचे १.१६, तेही १५,००० पगाराच्या मर्यादेपर्यंत. म्हणजे मालकाचे महिन्याला फार तर १,२५०. आता सूत्र बघा: पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पूर्ण १५,००० आणि ३५ वर्षं धरली की येतात ७,५००. ईपीएस पेन्शनरांच्या आंदोलनाची मागणी तर किमान ७,५०० अधिक महागाई भत्ता! मग दहा वर्षं भरणारा आणि पस्तीस वर्षं भरणारा एकाच पायरीवर?

गोदाकाठ:
७,५०० वर मी अडून नाही. पण पगाराची मर्यादा ठरवली कोणी? २०१४ पर्यंत ती ६,५०० होती, त्याआधी ५,०००. सरकारने मर्यादा खाली ठेवली म्हणून भरणा कमी झाला, आणि त्याच कमी भरण्याचं कारण म्हाताऱ्यांना सांगायचं? शिवाय ही पेन्शन महागाईशी जोडलेलीच नाही.

मोलमजुरी:
दोघांनाही विचारते, ज्यांचा पीएफच नाही त्यांचं काय? आमच्याकडच्या म्हाताऱ्या शेतमजूर बायांना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० मिळतात. त्यात केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयासाठी २०० रुपये, तोही २००७ पासून तेवढाच. उत्पन्नाची अट वर्षाला २१,०००. लाडकी बहीणला मर्यादा अडीच लाख, आणि पासष्टी ओलांडून ती बंद झाली की तीच बाई श्रावणबाळसाठी तलाठ्याकडे एकवीस हजारांचा दाखला मागत फिरते. बजेटमधून पैसे काढायचेच असतील तर आधी इथे काढा.

हिशेबी:
याला माझा पूर्ण पाठिंबा. इथे कुठल्या फंडाची तूटही आड येत नाही.

गोदाकाठ:
मला हे 'आधी-नंतर' मान्य नाही, दोन्ही म्हातारे एकाच गावातले आहेत. किमान पेन्शन दोन हजार केली तर वर्षाला किती कोटी लागतील आणि २०० रुपयांचा वाटा कधी बदलणार, असे दोन प्रश्न मी आमच्या खासदारांना लिहून पाठवते आहे. उत्तर आलं की इथे टाकते.