सल्ला हवा: भाचीला फ्यूजनच्या लॅबमध्ये उन्हाळी इंटर्नशिप करायचीय, पैशाचं कसं जमवावं?

परभणीकर_मामा
राम राम मंडळी. माझी भाची नांदेडला बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. मध्यंतरी त्यांच्या कॉलेजात औंढ्याच्या लायगोवर (गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा) व्याख्यान झालं. त्यात तिला कळलं की तिथल्या चार-चार किलोमीटरच्या निर्वात नळ्यांचं काम गांधीनगरच्या प्लाझ्मा (म्हणजे विद्युतभारित तापलेला वायू) संशोधन संस्थेकडे आहे, आणि हीच संस्था टोकामॅकसुद्धा चालवते. म्हणजे सूर्यात जी ऊर्जा तयार होते ती जमिनीवर तयार करायचं यंत्र. झालं, तेव्हापासून लायगो राहिलं बाजूला आणि पोरगी फ्यूजन फ्यूजन करायलीय. येत्या उन्हाळ्यात अशा एखाद्या लॅबमध्ये काम करायचं म्हणतेय.

मेव्हण्याचं पूर्ण्याला वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. खाऊन-पिऊन सुखी, पण दोन महिने पोरीला बाहेरगावी ठेवायचं म्हटलं की हात आखडतो. अशा कामाला पैसे कोण देतं? महाडीबीटीत काही आहे का? परदेशात जमेल का? शिवाय एका कंपनीचा मेसेज आलाय, ‘फ्यूजन एनर्जी इंटर्नशिप, घरबसल्या सहा आठवडे, सर्टिफिकेटसह’, फी बारा हजार. मेव्हणा म्हणतो हेच करून टाकू, घरातच राहील पोरगी. काय करावं?

गोदाकाठचा_मास्तर
मामा, बारा हजार खिशातच ठेवा. काम करणाऱ्यानं पैसे द्यायचे ही इंटर्नशिप नव्हे, हा क्लास. आणि तोही कुणी न विचारणारा.

महाडीबीटीवरच्या योजना फी आणि वसतिगृहापुरत्या. उन्हाळी संशोधनाला त्यातून काही निघत नाही, तिकडे हेलपाटे मारू नका. राज्याची परदेशी शिष्यवृत्ती आहे, पण ती पदव्युत्तर आणि पीएचडीला.

आता माझा एक प्रश्न. भाचीला बारावीला किती मार्क होते? बोर्डातल्या वरच्या एक टक्क्यात असेल आणि मूलभूत विज्ञानाला गेली असेल तर केंद्राची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती तिला लागू शकते. वर्षाला 80,000 रुपये. त्यातले 60,000 शिष्यवृत्तीचे आणि 20,000 उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठीच ठेवलेले. प्रकल्प मान्यताप्राप्त संस्थेतल्या संशोधकाच्या हाताखाली करायचा, अहवाल आणि मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र द्यायचं. आमच्याकडची कित्येक पोरं 60,000 ची वाट बघतात आणि 20,000 चा विषयच काढत नाहीत. काढला तरी कॉलेजातल्याच सरांकडे चार पानं लिहून मोकळी होतात.

दुसरी गोष्ट, तीन विज्ञान अकादम्यांची (बेंगळुरूची, दिल्लीची आणि प्रयागराजची) मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप. दोन महिने, महिन्याला विद्यावेतन, शिवाय रेल्वेचं भाडं. बीएस्सीच्या मुलांनाही घेतात. अर्ज साधारण दिवाळीच्या आगेमागे असतो, नोव्हेंबर संपेपर्यंत. आपल्याकडे पोरं मार्चमध्ये जागी होतात, तोवर याद्या लागलेल्या असतात. तुम्ही महालक्ष्म्या उठायच्या आत विचारलंत हे बरं केलंत.

निर्वात_नळी
मी गुजरातेत एका प्लाझ्मा लॅबमध्ये काही वर्षं काम केलंय, म्हणून थोडं लिहितो.

गांधीनगरची संस्था म्हणजे आयपीआर. पत्ता गांधीनगरचा असला तरी भाट गाव अहमदाबादला खेटून आहे, विमानतळाच्या अंगाला. तिथे आदित्य हा टोकामॅक 1989 पासून आहे, आता त्याचं सुधारलेलं रूप आदित्य-यू चालतं. दुसरा एसएसटी-1, त्याची चुंबकं अतिवाहक, म्हणजे द्रव हेलियमनं थंड ठेवावी लागणारी. फ्रान्समध्ये अनेक देशांचा मिळून ईटर हा भलामोठा टोकामॅक उभा राहतोय, त्यातलं भारताचं काम बघणारं ईटर-इंडिया हे कार्यालयही आयपीआरचंच.

त्यांचा उन्हाळी कार्यक्रम आहे आणि विद्यावेतनही मिळतं. पण तो मुख्यतः एमएस्सी फिजिक्स पहिलं वर्ष आणि इंजिनिअरिंग तिसरं वर्ष यांच्यासाठी. बीएस्सी दुसऱ्या वर्षाच्या मुलीनं तिथेच डोकं आपटत बसू नये. तिच्यासाठी मास्तरांनी सांगितलेली अकादमीची वाट खरी. त्या अर्जात मार्गदर्शकांची यादी असते. तिथे नुसता ‘फ्यूजन’ शब्द शोधला तर हाताला फार काही लागणार नाही. प्लाझ्मा, निर्वात तंत्र, उच्च शक्तीचे लेझर, अतिवाहक चुंबकं, न्यूट्रॉन मोजणी असं काहीही चालेल. टोकामॅक म्हणजे हीच सगळी कामं एका लोखंडी कड्याभोवती गोळा झालेली.

काम काय असतं हेही तिला आधी सांगा. पोरांना वाटतं लॅबमध्ये गेलं की जांभळा प्रकाश दिसणार. तो दिसतो, आदित्यमध्ये एक शॉट (प्लाझ्मा एकदा पेटवून विझेपर्यंत) सेकंदाच्याही काही भागातच आटोपतो. बाकी दिवस जातो गळती शोधण्यात. निर्वात पात्राला हेलियम शोधणारं यंत्र जोडायचं, हातात हेलियमची बारीक नळी घेऊन प्रत्येक फ्लँजच्या (नळ्यांच्या जोडाच्या) कडेनं अगदी सावकाश फिरवायची, नजर यंत्राच्या आकड्यावर. वरून सुरुवात करायची, कारण हेलियम वर चढतो. खालून केली तर खालच्या जोडाला मारलेला गॅस वरच्या गळक्या जोडातून शिरतो आणि तुम्ही भलताच जोड खोलून बसता. आकडा एकदम उसळला की थांबायचं, खूण करायची, पुन्हा खात्री करायची. दिवसभर हे करून संध्याकाळी ओ-रिंगवर, म्हणजे जोडातल्या रबरी कड्यावर, डोक्याचा एक केस सापडतो, गळती त्याचीच. ज्याला यात मजा येते तो या क्षेत्रात टिकतो.

तयारी म्हणून दिवाळीच्या सुट्टीत पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकू द्या, आलेख काढणं आणि गोंगाटातून सिग्नल वेगळा करणं इतपत. लँगमुअर प्रोबचा (प्लाझ्मा मोजायची बारीक तार) धडा वाचून ठेवला तर सोन्याहून पिवळं.

खवचट_लातूरकर
फ्यूजन येणार येणार म्हणून आमचे सर आम्हाला सांगायचे, आता त्यांची नातवंडं ऐकायलीत. कायम तीस वर्षांवर. पोरीला नीट शिकवणीला घाला नाहीतर एमपीएससीला बसवा.

निर्वात_नळी
@खवचट_लातूरकर, वीज कधी येईल ते मीही सांगणार नाही. पण डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेतल्या लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत 2.05 मेगाज्यूल लेझर ऊर्जा इंधनाच्या लक्ष्यावर टाकून फ्यूजनमधून 3.15 मेगाज्यूल बाहेर काढली. लेझर पेटवायला वीजवाहिनीतून घेतलेली वीज त्याच्या कितीतरी पट होती, हेही खरं. मुद्दा एवढाच की निर्वात, क्रायोजेनिक्स (अतिथंड तंत्र), आरएफ (रेडिओ लहरींचं तंत्र) शिकलेलं पोर रिकामं बसत नाही. फ्यूजन नाही झालं तर उद्या औंढ्याला काम आहेच, घरापासून दोन-अडीच तासांवर.

अंबाजोगाईची_लेक
मामा, परदेशाबद्दल मी लिहिते, सध्या जर्मनीत आहे. स्पष्ट लिहिलेलं चालेल ना?

इंटरनेटवर ‘फ्यूजन समर इंटर्नशिप’ शोधलं की सगळ्यात आधी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची सुली ही योजना येते, प्रिन्स्टनच्या प्लाझ्मा लॅबमधली वगैरे. पैसे चांगले, काम उत्तम. पण ती अमेरिकन नागरिक आणि तिथल्या कायम रहिवाशांसाठीच आहे. आपल्या पोरी अख्खा अर्ज भरत जातात आणि पात्रतेची ओळ शेवटी वाचतात. कुठलंही पान उघडलं की आधी ती ओळ वाचायची, मगच बाकीचं.

जर्मनीची डाड वाइज ही शिष्यवृत्ती खास भारतीय पदवी विद्यार्थ्यांसाठी. इथे गार्चिंगला अ‍ॅस्डेक्स अपग्रेड आहे, ग्राइफ्सवाल्डला वेंडेलश्टाइन 7-एक्स, दोन्ही फ्यूजनचीच यंत्रं, त्यामुळे विषयाला तोटा नाही. पण ती ठरावीक भारतीय संस्थांच्या विद्यार्थ्यांनाच मिळते. कॉलेज यादीत आहे का ते आधी बघा. नसेल तर तिथेच थांबा, प्राध्यापकांना मेल पाठवत रात्री जागवू नका. असेल तर जर्मन प्राध्यापकाचं निमंत्रणपत्र हातात घेऊन नोव्हेंबर उजाडायच्या सुमारास अर्ज करायचा असतो, म्हणजे मेल आत्तापासून.

फ्रान्सला शार्पाक लॅब म्हणून शिष्यवृत्ती आहे, तिथल्या प्रयोगशाळेनं बोलावलं तर. कॅनडाच्या मिटॅक्स ग्लोबलिंकमध्ये बारा आठवडे असतात आणि भारतीयांना घेतात. सास्काटूनला एक छोटा टोकामॅकही आहे, पण आपल्याला हवा तोच प्रकल्प मिळेल याचा भरवसा नाही. ईटरच्याही इंटर्नशिप असतात. भारत सदस्य देश असल्यामुळे आपल्याला अर्ज करता येतो.

माझं मत विचाराल तर दुसऱ्या वर्षाला परदेशाच्या नादी लागू नये. शेंगेन व्हिसाचीच फी 90 युरो, वर विमा आणि मुंबईच्या खेपा. यंदा देशात काम करू द्या. पासपोर्ट मात्र आत्ताच काढा, 1,500 रुपयांचं काम आहे. एमएस्सीला असताना निमंत्रण आलं आणि पासपोर्ट नाही, अशी पोरं मी पाहिलीत.

विष्णुपुरी_मेक
मधेच घुसतो, माफी. मी मेकॅनिकल तिसऱ्या वर्षाला. फिजिक्सवाल्यांचंच काम का हे सगळं?

निर्वात_नळी
उलट तुझीच चलती आहे. ईटरचा क्रायोस्टॅट, म्हणजे अख्ख्या यंत्राला झाकणारं सुमारे तीस मीटर उंच स्टीलचं पात्र, हाजिराला एल अँड टीनं बनवला. वजन 3,850 टन. त्यात वेल्डिंग, उष्णता, ताण याशिवाय आहे काय? आयपीआरच्या उन्हाळी कार्यक्रमाची जाहिरात निघाली की भर, तुझं वर्ष बसतं.

परभणीकर_मामा
सर्वांचे लई आभार. भाचीला विचारलं, तर इन्स्पायर तिला आहे म्हणे! घरात कुणाला पत्ता नाही. पहिल्या वर्षाचा प्रकल्प ‘सरांनी सांगितला नाही म्हणून’ केलाच नाही. मेव्हण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता दोन शंका. पैसे मंजूर झाले तरी हातात कधी पडतात? आणि राहायचं कसं, एकटी पोरगी आहे.

सिडको_एन_सात
मामा, पहिली शंका लाखमोलाची. शिष्यवृत्ती किती हे सगळे विचारतात, कधी हे कुणी विचारत नाही. मी इंजिनिअरिंगला असताना एका सरकारी संस्थेत दोन महिने राहिलो. विद्यावेतनाचा पहिला रुपया मी घरी परत आल्यावर, गणपतीत हातात पडला. तोवर खोलीचं डिपॉझिट, मेस, रोजचा प्रवास सगळं घरून. प्रवासभाडंसुद्धा आधी आपण भरायचं, तिकिटं जपून ठेवायची, मग मिळतं. इन्स्पायरचा तर भरवसा धरूच नका, येईल तेव्हा येईल.

म्हणून निवड झाल्याचं पत्र आलं की उलट मेलनं तीन गोष्टी विचारा: विद्यावेतन दर महिन्याला की शेवटी, वसतिगृह मिळणार का आणि त्याचे पैसे आधी भरायचे का, आणि खातं कोणत्या बँकेचं लागतं. यात लाज कसली, तिथल्या ऑफिसात हे रोज विचारतात. आणि पहिल्या महिन्याचे पैसे आधीच बाजूला काढा. वहिनींची भिशी असेलच, मे महिन्याचा नंबर आत्ताच मागून घ्या. आमच्या आईनं तेच केलं होतं. कॉलेजची माजी विद्यार्थी संघटना असेल तर प्राचार्यांना भेटा, दान नको, तीन महिन्यांची उसनवारी मागा. लेखी मागितली की बहुधा देतात.

राहण्याचं म्हणाल तर संस्थेचं वसतिगृह मिळालं तर प्रश्नच मिटला. नाही मिळालं आणि भाट बाजूलाच गेली, तर चांदखेडा-मोटेऱ्याकडे मुलींचे पीजी बघा. मेव्हण्यांनी पहिल्यांदा सोडायला स्वतः जावं, म्हणजे त्यांचाही जीव भांड्यात पडेल. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि मे महिन्यात पहिल्याच दिवशी उडतं, तारीख लिहून ठेवा.

परभणीकर_मामा
भिशीचं बहिणीला सांगितलं, ती म्हणाली मे नंबर शेजारणीनं लग्नासाठी धरलाय, पण बोलते. आता शेवटचं विचारतो. अकादमीच्या अर्जाला सरांचं शिफारसपत्र लागतं म्हणे. भाचीचे सर भले आहेत, पण म्हणाले ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ असं चालतं का?

गोदाकाठचा_मास्तर
चालत नाही, पण होतं सगळीकडे. मी स्वतः मास्तर आहे, म्हणून सांगतो, सरांना दोष देऊ नका. साठ-साठ पोरांचं एकेक पत्र लिहिणं होत नाही. भाचीनं अख्खं पत्र लिहून नेऊ नये. एका कागदावर चार-पाच खऱ्या गोष्टी लिहून न्याव्यात: प्रॅक्टिकलला कोणता प्रयोग स्वतः जुळवला, कुठे आकडे जुळेनात आणि तिनं काय केलं, कोणता प्रश्न विचारल्यावर सरांना उत्तर शोधावं लागलं. मग सरांसमोर बसून म्हणावं, ‘सर, यातलं तुम्हाला जे आठवतं तेवढंच लिहा.’ दहा मिनिटांत पत्र होतं आणि ते त्यांचं असतं. ‘कष्टाळू, प्रामाणिक, आज्ञाधारक’ अशी पत्रं निवड करणारे वाचतसुद्धा नाहीत.

अर्जात स्वतःबद्दलही थोडं लिहायचं असतं. तिथे ‘लहानपणापासून विज्ञानाची आवड’ नको. औंढ्याच्या नळ्यांवरून टोकामॅकपर्यंत कशी पोचली ते जसं तुम्ही वर लिहिलंय तसं लिहू द्या, आणि काय शिकायचंय ते एका ओळीत. मसुदा झाला की नाव-गाव काढून इथे टाका, बघतो आम्ही. आणि सरांचं पत्र अर्जासोबतच चढवायचं असतं का वेगळं, ते यंदाच्या सूचनेत बघून घ्या, तिथे पोरं अडकतात.

परभणीकर_मामा
टाकतो सर. ती इंग्रजीत लिहायलीय, रविवारपर्यंत होईल म्हणतेय. बारा हजारवाल्या कंपनीचा आज परत फोन आला होता, आता आठ हजारांत देतो म्हणाले.