'विघटनशील लेप' म्हणावं की 'झिजणारा लेप'?

प्रश्न: जहाजाच्या बुडाला शेवाळ, बार्नकल (कवचाचे, घट्ट चिकटून बसणारे छोटे समुद्री जीव), शिंपले चिकटू नयेत म्हणून डिग्रेडेबल पॉलिमरचं, म्हणजे हळूहळू तुटत जाणाऱ्या लांब साखळीच्या रेणूंचं, कोटिंग देतात, त्याला मराठीत काय म्हणायचं? मी 'विघटनशील लेप' लिहिलंय, मैत्रीण म्हणते 'झिजणारा' लिही, सोपं आहे.

उत्तर: सोपं आहे खरं, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेल्फ पॉलिशिंग नावाचे रंग झिजतात. त्यांत अ‍ॅक्रिलिकच्या लांब साखळीला बाजूने छोटे गट लटकवलेले असतात, पूर्वी ट्रायब्युटिल टिनचे असायचे, आता तांबं, जस्त किंवा सिलिलचे (सिलिकॉन असलेले). समुद्राच्या पाण्यात हे गट सुटतात, मग उरलेली साखळी विरघळायला लागते आणि जहाज चालताना पाणी घासून वरचा पापुद्रा निघून जातो. साखळीचा कणा मात्र तुटत नाही, म्हणून याला विघटन म्हणणं मला अजिबात पटत नाही.

डिग्रेडेबलमध्ये कणाच तुटतो. पॉलिकॅप्रोलॅक्टोनसारखं पॉलिएस्टर घ्या, त्याच्या कण्यातच एस्टरचे बंध असतात, ते पाण्याने आणि एन्झाइमने तुटत जातात. बार्नकलची अळी आधी पृष्ठभागावर चालत चालत जागा चाचपून बघते, पसंत पडली की चिकट सिमेंट सोडून कायमची बसते, पण इथे ती बसलेली जागाच सुटून जाते. आणि झिजणाऱ्या रंगाला जहाजाची चाल लागते, जहाज बरेच दिवस उभं राहिलं की त्याचा जोर कमी पडतो, कणा तुटायचं काम मात्र उभ्या जहाजावरही चालूच राहतं. तेव्हा तुमचा 'विघटनशील' बरोबर आहे, तोच ठेवा.

प्रश्न: मग 'जैवविघटनशील' करू का? लोकांना ओळखीचा आहे.

उत्तर: सरसकट नको हो. नुसत्या पाण्यानेही बंध तुटतात, त्यात जीवाणूंचा हात असेलच असं नाही. शिवाय 'जैव' वाचलं की माणूस निर्धोक समजतो, आणि अशा लेपांत बऱ्याचदा आतून जीवनाशक औषधही सोडलेलं असतं. टिनचे रंग झिजायचे उत्तम, पण त्यातून बाहेर पडायचं ते विष. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीत कालवांची कवचं जाड, वेडीवाकडी व्हायला लागली तेव्हा १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान बोटींना हे रंग लावायला बंदी आली, जगभरासाठी आयएमओचा (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा) करार २००१ मध्ये झाला आणि लागू व्हायला २००८ उजाडलं. म्हणून लेप कशाने तुटतो आणि त्यातून पाण्यात काय सुटतं, हे एकेका वाक्यात वेगळं लिहा, एका विशेषणात कोंबू नका.

आणखी एकाचं: एक राहिलं, अँटीफाउलिंगला 'प्रदूषणरोधक' लिहिलेलं पाहिलंय, कृपया ते टाळा. फाउलिंग म्हणजे इथे प्रदूषण नाही, बुडावर जीव वाढणं. मी तरी 'जीववाढरोधक' लिहीन, पहिल्यांदा येईल तिथे शेजारी अँटीफाउलिंग देऊन.