अनुभव धागा: प्रार्थना सुचत नव्हती, तेव्हा कोण आलं?

पाळकीणबाई

जय ख्रिस्त मंडळी.

महिनाभर मनात घोळत होतं, आज लिहायला बसले. प्रार्थना ऐकली गेली त्याच्या साक्षी आपण दर रविवारी ऐकतो, आणि ऐकाव्यातच. मला वेगळं विचारायचंय. तुमच्या तोंडातून प्रार्थनाच निघत नव्हती असा काळ आला होता का? तेव्हा कोण आलं, काय बोललं, की काहीच न बोलता बसून गेलं? कुणाच्या बोलण्याने उलट लागलं असेल तर तेही लिहा. फक्त माणसाचं आणि चर्चचं नाव नको.

माझ्यापासून सुरुवात करते. आमचे हे पाळक. २२ वर्षं उपदेश केला आणि एका पहाटे पॅरालिसिसचा झटका येऊन वाचा गेली. ज्या माणसाला थांबवण्यासाठी मी पहिल्या बाकावरून घड्याळ दाखवायचे, त्याला 'पाणी' म्हणता येईना. मंडळीने खूप केलं, खोटं बोलणार नाही. पण सगळे मला म्हणायचे, "पाळकीणबाई, तुम्ही प्रार्थना करा, तुमची देव ऐकतो." महिला मंडळात मी करायचेही, पाठ असल्यासारखी. घरी आल्यावर काही नाही. नुसता पंख्याचा आवाज.

आमच्या मंडळीत एक आजी आहेत. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहतात, विड्या वळून आयुष्य काढलं. त्या मंगळवारी यायच्या. पदरात कडक भाकरी, कागदात शेंगाचटणी. यांच्या खाटेशेजारी जमिनीवर बसायच्या आणि मला म्हणायच्या, "तू नको बोलू. आज माझी पाळी." मग तेलुगूत सुरू. मला तेलुगू येत नाही. 'प्रभुवा' तेवढं कळायचं. एका मंगळवारी मी चक्क मोजलं, ३१ वेळा. (पाळकाच्या बायकोने प्रार्थनेत मोजत बसावं का, हा प्रश्न कृपया विचारू नका.) मी रडायला लागले की डोळे न उघडताच म्हणायच्या, "एडवकु अम्मा." रडू नको.

सात महिने एक मंगळवार चुकला नाही. यांचा पहिला स्पष्ट शब्द आला तोही मंगळवारीच. 'प्रभू' नाही, 'आमेन' नाही. "चटणी."

आता तुम्ही लिहा.

नाइट ड्युटी

३४ वर्षं नर्स होते, बरीचशी रात्रपाळी. सोलापूरचा मे महिना, वॉर्डात एका खाटेला तीन नातेवाईक, कूलर नावाला. अशात गुडघे टेकून प्रार्थना कोण करणार? माझी प्रार्थना सलाइनची शीर सापडेपर्यंतची. "प्रभू, सापडू दे." सापडली की संपली. पुष्कळ वर्षं मला वाटायचं ही काही खरी प्रार्थना नव्हे, घाईगडबडीची. मग एका संडे स्कूलच्या बाईंनी बायबलमधला नहेम्या दाखवला. राजा विचारतो, तुला काय हवंय? नहेम्या आधी स्वर्गाच्या देवाची प्रार्थना करतो आणि मग राजाला उत्तर देतो. मधे वेळ किती मिळाला असेल? शीर शोधण्याएवढाच.

रुग्णाजवळ मोठ्याने प्रार्थना मी कधी केली नाही. ड्युटीवरचा युनिफॉर्म सरकारचा होता आणि खाटेवरचा माणूस अडचणीत होता. अडलेल्या माणसावर आपला देव लादू नये, असं माझं मत. मनातल्या मनात मात्र कुणाला सोडलं नाही. बायबलमधल्या हन्नाचेही प्रार्थनेत नुसते ओठ हलत होते, एली याजकाला वाटलं बाई प्यायलीय.

मूळ प्रश्नाचं उत्तर. करोनाच्या दुसऱ्या लाटेत माझी प्रार्थना बंद पडली. एका रात्रीत किती गेले ते लिहीत नाही. पहाटे पायरीवर बसले होते. एका पेशंटची आई, बुरख्यातली, शेजारी येऊन बसली. तिचा मुलगा तेव्हा आत होता, हे लक्षात घ्या. म्हणाली, "सिस्टर, मी दुआ करायलेय, तुमचं पण नाव घेतलं. नाव काय वो तुमचं?" आधी नाव घेतलं, मग विचारलं! मी सांगितलं. तिने पुन्हा घेतलं.

पाच वाजता

माझं कुणाला आवडणार नाही, तरी लिहितो.

पोलीस भरतीला तीनदा बसलो. तिसऱ्यांदा एका उपवास प्रार्थनेत तिथल्या एका भाऊंनी माझ्या डोक्यावर हात ठेवून जाहीर केलं की यंदा वर्दी मिळाली असं समज, आत्ताच धन्यवाद दे. मी दिले. आईने पेढे सांगून ठेवले. यादीत नाव नाही. नंतर तेच भाऊ म्हणाले, "विश्वासात कुठेतरी कमी पडलास." म्हणजे मैदानात पण मीच कमी, देवासमोर पण मीच कमी. दीड वर्ष चर्चची पायरी चढलो नाही.

आमच्या मंडळीतले एक वडील, म्हणजे चर्चचे ज्येष्ठ, आहेत, गिरणीतून निवृत्त. त्यांनी मला एक वचन सांगितलं नाही. चौथ्या भरतीच्या आधी पहाटे पाच वाजता मैदानावर आले, लुनावर, हातात स्टॉपवॉच. "पळ." रोज. मी पळायचो, ते कठड्यावर बसून पुटपुटायचे. एकदा विचारलं, काय म्हणता? म्हणाले, "तुझा टाइम." प्रार्थनेचं एक अक्षर बोलले नाहीत माझ्याशी.

चौथ्यांदाही झालं नाही. आता अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटमध्ये सुपरवायझर आहे. यातून देवाची काय योजना होती वगैरे मला अजून दिसलेलं नाही. पण चर्चला जातो, त्या वडिलांच्या शेजारच्या खुर्चीवर बसतो.

पाळकीणबाई

@पाच वाजता, आवडलं. पेढ्यांचं वाचून मात्र पोटात तुटलं.

वही

मी एका छोट्या मंडळीचा पाळक. कबुलीजबाब देतो. "प्रार्थना करतो हं" हे मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा बोललेलं खोटं. माणूस दारात, बाजारात, लग्नाच्या पंगतीत धरतो, आपण म्हणतो करतो, आणि जिलबी आली की विसरतो.

एकदा नवी पेठेत एक ताई भेटल्या आणि म्हणाल्या, "पाळकसाहेब, तुमच्या प्रार्थनेने ऑपरेशन नीट झालं." कसलं ऑपरेशन, मला आठवेना. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही घेतली. आता दोन नियम. फोन आला तर फोनवरच, तिथल्या तिथे, दोन वाक्यं का होईना, प्रार्थना करून टाकायची. आणि वहीत तारीख घालून लिहायचं, पंधरा दिवसांनी स्वतःहून विचारायचं. लोकांना प्रार्थनेपेक्षाही या दुसऱ्या फोनचं अप्रूप वाटतं, हे मला थोडं लागलं, पण आहे ते आहे.

दुसरी गोष्ट, ज्यावर कुणी बोलत नाही. "फक्त प्रार्थनेसाठी सांगते हं" असं म्हणून आपल्याकडे अख्ख्या घराची धुणी वेशीवर जातात. व्हॉट्सअॅपच्या प्रार्थना ग्रुपवर मी एका मुलीच्या मोडलेल्या सोयरिकीचा विषय टाकला होता, नाव न लिहिता. नाव न लिहून उपयोग? सोलापुरात आपली माणसं मूठभर, संध्याकाळपर्यंत विजापूर वेशीपासून जुळे सोलापूरपर्यंत सगळ्यांना कळलं. त्या घरी जाऊन माफी मागितली. मुलीने चहा दिला, पण ती बोलली नाही. तेव्हापासून ग्रुपवर फक्त "एका कुटुंबासाठी", बस. देवाला पत्ता माहीत आहे.

माझ्यासाठी कोण आलं? बायबलमध्ये, लढाई चालू असताना मोशेचे वर धरलेले हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला आधी दगडावर बसवलं आणि मग दोन बाजूंनी हात धरले, सूर्य मावळेपर्यंत. हातांवर मी दहा वेळा उपदेश केला असेल. बसायला दगड दिला ही ओळ मला दिसलीच नव्हती. ती दाखवली माझ्या बायकोने, मला शुगर निघाली आणि मी तरीही तीन उपासना घेत होतो तेव्हा. "आधी बसा," म्हणाली.

केडगाव पॅसेंजर

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड गेलं की मी खिडकीशी सरकते. केडगाव येतं. माझी पणजी १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून पंडिता रमाबाईंच्या मुक्तीत, म्हणजे केडगावच्या त्यांच्या आश्रमात आलेली, साताठ वर्षांची असेल. आई-बाप वाटेत गेले. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज जमून प्रार्थना करायला कोण येईल म्हणून विचारलं, तेव्हा सत्तरेक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या. त्या वर्षी तिथे झालेल्या संजीवनाबद्दल, म्हणजे श्रद्धेच्या जागृतीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, ते मी सांगत बसत नाही.

आमच्या घरात त्यातून आलं ते एवढंच: पणजी नावं घ्यायची. मागणं वगैरे काही नाही. बोटाच्या पेरांवर एकेक नाव, आणि दोन नावांमध्ये श्वास. त्यात तिच्या आईचं नाव नसायचं, कारण ते तिला आठवत नव्हतं. तिथे ती अंगठा नुसता दाबून धरायची. आजीने ते उचललं, मग आईने, आता मी. त्या जागी आम्ही सगळ्या अजून अंगठा दाबतो. माझ्या घटस्फोटाच्या वेळी मला शब्द सुचत नव्हते, पण पेरं होती.

अठ्ठ्याऐंशी

धागा वाचतोय दोन दिवस. लिहू की नको चाललं होतं.

आमचा मुलगा गेला. नऊ वर्षांचा. ल्युकेमिया. पुण्याला नेला, सोलापुरात आणला, पुन्हा नेला. तीन मंडळ्या, दोन रात्रभर प्रार्थना, तेल लावणं, सगळं झालं.

मातीच्या दिवशी ऐकलेलं लिहितो, म्हणजे निदान वाचणारे कुणाला बोलणार नाहीत. "देवाला फुलं आवडतात." "देव झेपेल त्याहून जास्त देत नाही." "दुसरं होईल." बोलणारी माणसं चांगली होती. माझ्या बायकोने त्यातल्या एकीला दारातून परत पाठवलं, आणि ती वाईट ठरली.

मला उपयोगी पडली ती एकच गोष्ट. धर्मशिक्षण घेतलेला एक मित्र संध्याकाळी आला, गच्चीवर बसलो. म्हणाला, बायबलमधलं स्तोत्र ८८ वाच, शेवट बघ. इतर रडकी स्तोत्रं बहुतेक शेवटी वळतात, "तरी मी तुझी स्तुती करीन" म्हणतात. तेराव्यात "किती काळ?" म्हणून विचारतो, तरी शेवटी गातोच. अठ्ठ्याऐंशी वळत नाही. अंधारातच संपतं. मित्र म्हणाला, ज्यांनी स्तोत्रं गोळा केली त्यांनी हे काढून टाकलं नाही. एवढंच बोलला आणि खाली जाऊन त्याने आमच्या टाकीत पाणी चढवलं, कारण नळ आला होता. त्या काळात आमच्याकडे पाणी पाच दिवसांनी यायचं. ज्यांनी सोलापुरात दिवस काढलेत त्यांना कळेल त्याने काय केलं ते.

आज चार वर्षं झाली. प्रार्थना करतो. पूर्वीसारखी नाही. जेवणाआधी तिघांसाठी करायचो, आता दोघांसाठी करताना तिसऱ्या खुर्चीशी थांबतो. यावर कृपया सांत्वनाचं काही लिहू नका.

नाइट ड्युटी

वाचलं, दादा.

केडगाव पॅसेंजर

त्याचं नाव सांगाल? इथे नको, निरोपात. पेरांवर घेईन.

अठ्ठ्याऐंशी

पाठवलं.

गड्ड्याजवळचा

मी ख्रिस्ती नाही, लिंगायत आहे, सिद्धेश्वराचा. लिहिलं तर चालेल ना? आमच्या वाड्यात खाली एक ख्रिस्ती मावशी राहायच्या. जानेवारीत गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा आणि वडिलांची बायपास एकाच आठवड्यात आली. नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, निघाले, घरचे सगळे दवाखान्यात, काठीला दरवर्षी आमच्याकडून बांधतात तो बाशिंगाचा मान कोण पोचवणार? मावशी म्हणाल्या, "तू जा, मान चुकवू नको, मी बसते दवाखान्यात." आणि बसल्या, त्यांचं ते काळं पुस्तक घेऊन. मी अनवाणी पळत गेलो आणि आलो. वडिलांना नंतर विचारलं, मावशी काय करत होत्या? म्हणाले, "माहीत नाही, पण घोरत होत्या."

तिसरी रांग

मी २० वर्षांची, क्वायरमध्ये. वर्षभर मला प्रार्थनेत काहीच वाटत नाही, आणि हे घरी सांगितलं तर आई प्रार्थना ग्रुपवर टाकेल (@वही, तुमचं वाचून हसले). पण ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर सुरू झाली की मी गाते, कारण ऑल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या सुरात, आम्ही दोघीच आहोत आणि मी थांबले तर दुसरीचा सूर जातो. सध्या तेवढ्यावर चाललंय. हे धाग्यात बसतं का माहीत नाही.

पाळकीणबाई

@तिसरी रांग, बसतं. आणि आईला मी काही सांगणार नाही.

@गड्ड्याजवळचा, चालेल काय, या की घरी.

एक राहिलं, ते सांगून उठते. आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर विड्या बंद, म्हणजे मजुरी बंद, त्यामुळे त्या गप्प गप्प. काल मंगळवार. सकाळी भाकऱ्या थापल्या, मंद आचेवर कडक केल्या, यांना रिक्षात घातलं आणि कुंभारी गाठली. मी म्हटलं, "आजी, आज माझी पाळी." मराठीत केली प्रार्थना, कशीबशी, मधेच अडकले. हे शेजारी बसून "हं, हं" करत होते. 'आमची रोजची भाकर' आलं तेव्हा आजींनी हिरवी पट्टी लावलेलं डोकं हलवलं आणि हात पुढे केला. मला वाटलं माझा हात हवाय. त्यांना डबा हवा होता.

एक तुकडा मोडला, चावला, थोडा वेळ गप्प.

"मऊ राहिली," म्हणाल्या. "पुढच्या मंगळवारी जरा जास्त ठेव."